जर्मन तोफांच्या जुन्या पुंगळ्या: ओळख, पारख आणि संग्रह

२२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री 'एमडेन' ही जर्मन युद्धनौका मद्रासच्या किनाऱ्यासमोर आली आणि तिने आपल्या १०.५ सेंटीमीटरच्या तोफांतून सुमारे १३० गोळे बंदरावर आणि बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्यांवर डागले. गोळे शहरात येऊन फुटले. परंतु ज्या धातूच्या नळकांड्यांत ते गोळे फेकणारी दारू भरलेली होती, ती नळकांडी मद्रासच्या जमिनीवर पडली नाहीत. ती नौकेवरच, तोफेच्या मागच्या बाजूला बाहेर पडली. संग्रहाच्या वाटेवर पाऊल ठेवणाऱ्याने हा फरक सर्वांत आधी मनात पक्का करावा. शत्रूकडे जातो तो गोळा, आणि तोफ डागणाऱ्याच्या पायाशी उरते ती पुंगळी. गोळा स्फोटक असू शकतो. डागलेली पुंगळी मात्र रिकामे भांडे असते, आणि या लेखाचा विषय केवळ तीच आहे.

आपल्याकडच्या घरांत अशा पुंगळ्या बहुधा फुलदाणी, छत्र्या ठेवायचे भांडे किंवा देवघराजवळचा उदबत्तीचा उभा नळा अशा रूपांत सापडतात. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्समधील न्यूव्ह शापेल येथे जर्मनांशी लढल्या. सहाव्या पूना डिव्हिजनमधील मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) जर्मन बनावटीच्या तोफा बाळगणाऱ्या उस्मानी, म्हणजे तुर्की, सैन्यासमोर उभ्या राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात इटलीमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये टायबर नदीच्या खोऱ्यात आणि नामदेव जाधव यांना १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी जर्मनांशी लढताना केलेल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सातारा, कोल्हापूर, नगर किंवा रत्नागिरीकडील एखाद्या फौजी घराण्यात जर्मन पुंगळी निघावी, यात म्हणूनच अशक्य असे काही नाही. तरीही घरातील प्रत्येक जाड पितळी नळा जर्मन नसतो, किंबहुना बहुतेक नसतात. तो आहे की नाही हे नळ्याच्या बुडावर लिहिलेले असते, आणि ते वाचण्याची रीत शिकता येते.

सर्वांत आधी सुरक्षितता

वस्तू हातात घेण्यापूर्वी ती लांबूनच नीट पाहावी. नळ्याच्या तोंडात गोळा बसवलेला असेल, टोकाला फ्यूजसारखा (गोळा फोडणाऱ्या कळीसारखा) शंकूच्या आकाराचा भाग दिसत असेल, किंवा तोंड पुठ्ठ्याच्या अथवा धातूच्या झाकणाने बंद असेल, तर तिला हात लावू नये, हलवू नये आणि 'शंभर वर्षांची झाली, आता काय व्हायचे' असा तर्क करू नये. जुनी स्फोटके काळाबरोबर निकामी होतातच असे नाही, काही उलट अधिक नाजूक होतात. अशा वेळी ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे, म्हणजे बॉम्बशोधक व नाशक पथक येऊन वस्तू तपासते. बेल्जियममधील ईपरच्या परिसरात आजही शेतकऱ्यांच्या नांगराला पहिल्या महायुद्धातील गोळे लागतात. ते शेताच्या कडेला ठेवले जातात आणि लष्कराचे पथक ते उचलून नेते. युरोपात राहणाऱ्या किंवा फिरायला गेलेल्या मराठी वाचकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की रणभूमीवर स्वतः काहीही उकरून काढू नये. तेथे विषारी वायूचे गोळेही अद्याप मातीत आहेत आणि धातुशोधक यंत्र वापरण्यावर कायद्याची बंधने आहेत.

तोंड उघडे आणि आतून रिकामे असेल, तर पुंगळी आडवी ठेवून बुडाच्या मध्यभागी पाहावे. तेथे प्रायमर बसवलेला असतो, म्हणजे दारू पेटवणारी छोटी डबी. जर्मन पुंगळ्यांमध्ये तो आट्यांनी बसवलेला असून त्याच्या तोंडावर पाना अडकवण्यासाठी लहान खाचा असतात. आघाताने पेटणाऱ्या प्रायमरच्या मध्यावर स्पष्ट खोलगट ठोका असेल, तर तो वापरला गेला आहे. प्रायमरची जागा पूर्ण रिकामी असेल, तर चिंताच नाही. परंतु मध्यभाग सपाट आणि अखंड असेल, तर तो जिवंत समजावा. त्यावर ठोकू नये, तो पक्कडीने फिरवू नये आणि पुंगळी तापवू नये. विजेने पेटणाऱ्या प्रायमरवर तर डागल्यानंतरही खोल ठोका दिसत नाही, म्हणून शंका असेल तेथे निर्णय जाणकारावरच सोडावा. आतील काळी पूड हाताने खरवडू नये, कारण तिच्यात शिसे आणि पाऱ्याची संयुगे असू शकतात. रबरी हातमोजे घालावेत आणि काम झाल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

मापे घेणे

साधने मोजकीच लागतात: व्हर्नियर कॅलिपर, लोखंडी पट्टी, बऱ्यापैकी ताकदीचे लोहचुंबक, दहापट मोठे दाखवणारे भिंग, बॅटरी, पातळ कागद आणि मऊ शिसपेन्सिल. यांतील एकही वस्तू महाग नाही, आणि कॅलिपरशिवाय खरेदीला निघणे म्हणजे तराजूशिवाय बाजारात जाणे आहे.

मापे मिलिमीटरमध्ये घ्यावीत. पहिले माप तोंडाच्या आतील व्यासाचे. पुंगळीत गोळा घट्ट बसवलेला असेल अशा प्रकारात हे माप तोफेच्या व्यासाच्या जवळ येते. दुसरे माप बुडापासून तोंडापर्यंतच्या एकूण लांबीचे, आणि तिसरे बुडाच्या बाहेर आलेल्या कडेच्या व्यासाचे. संग्राहक पुंगळीचे नाव पहिल्या दोन मापांवरून घेतात. '७७ × २२७' असे म्हटले की पहिल्या महायुद्धातील जर्मन मैदानी तोफखान्याची मुख्य तोफ, म्हणजे ७.७ सेंटीमीटरची 'फेल्डकानोन ९६' हिची नवी आवृत्ती, असे समजले जाते. नवशिक्याच्या हाती जर्मन पुंगळी पडलीच, तर ती हीच असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

दुसऱ्या महायुद्धातील पुंगळ्यांसाठी काही जोड्या पाठच कराव्यात. ३.७ सेंटीमीटरच्या पाक ३६ या रणगाडाविरोधी तोफेची पुंगळी २४९ मिलिमीटर लांब असते, तर ५ सेंटीमीटरच्या पाक ३८ ची सुमारे ४२०. ७.५ सेंटीमीटरच्या व्यासात घोटाळा होतो, कारण या एका व्यासात अनेक तोफा होत्या. सुरुवातीच्या आखूड नळीच्या रणगाडा तोफेची पुंगळी २४३ मिलिमीटर, पँझर ४ या रणगाड्याच्या लांब तोफेची ४९५, पँथर रणगाड्याची ६४०, आणि पाक ४० ची तब्बल ७१४ मिलिमीटर असते. ८.८ सेंटीमीटरमध्ये विमानविरोधी फ्लाक १८ आणि ३६ यांची लांबी सुमारे ५७१, तर नंतरच्या पाक ४३ ची ८२२ मिलिमीटर असते. व्यास सारखा आणि लांबी वेगळी, याचा अर्थ दारू जास्त, वेग जास्त आणि तोफच वेगळी. केवळ 'पंचाहत्तरची जर्मन पुंगळी' एवढे सांगून विकणाऱ्याला लांबी विचारावी. तेवढ्याने बरेच कळते.

बुडाला बाहेर आलेल्या कडेऐवजी बुडाच्या किंचित वर एक जाड उंचवटा, म्हणजे पट्टा असेल, तर ती पट्टेदार पुंगळी होय. २ सेंटीमीटरच्या फ्लाक ३० आणि ३८ यांची २० × १३८ ही पुंगळी या जातीची आहे. ती आकाराने लहान, जागा कमी व्यापणारी आणि सहज हाताळता येणारी असल्यामुळे मी नव्या संग्राहकाला सुरुवात तिच्यापासून करायला सांगतो.

बुटक्या आणि रुंद पुंगळ्यांचे एक वेगळेच प्रकरण आहे, आणि ते मला या विषयातील सर्वांत रंजक वाटते. तोफ डागताना मागच्या दाराच्या फटीतून तप्त वायू निसटू नये म्हणून काहीतरी बंदोबस्त करावा लागतो. ब्रिटिश आणि फ्रेंच जड तोफांना आट्यांचे दार असे, त्याला वायू अडवणारी गादी असे, आणि दारू कापडी पिशवीत भरली जाई. अशा तोफेमागे पुंगळी उरतच नाही. जर्मनांनी मात्र मोठ्या तोफांनाही पाचरीसारखे सरकते दार ठेवले. त्या दाराची फट बंद करण्याचे काम पितळी पुंगळी करी, कारण स्फोटाच्या क्षणी ती फुगून तोफेच्या भिंतीला चिकटे आणि लगेच आकसून सुटी होई. म्हणूनच १५ सेंटीमीटरची जड हॉवित्झर (उंच कमानीतून गोळा फेकणारी तोफ), २१ सेंटीमीटरचा मोर्टर, इतकेच काय, ४२ सेंटीमीटरची प्रसिद्ध 'जाडी बेर्था' यांनाही पितळी पुंगळ्या होत्या. हॉवित्झरमध्ये गोळा आणि पुंगळी वेगवेगळी भरत. पल्ल्याप्रमाणे दारूच्या पिशव्या कमी-जास्त करता याव्यात म्हणून पुंगळी आखूड आणि भांड्यासारखी असे. असे रुंद तोंडाचे बुटके भांडे दिसले, तर जर्मन असण्याची शक्यता मनात धरावी; मात्र ब्रिटिश ४.५ इंची हॉवित्झरलाही बुटकी पितळी पुंगळी असे, त्यामुळे निर्णय बुडावरचे ठसे वाचल्यावरच करावा.

बुडावरचे ठसे वाचणे

पुंगळी जराही घासण्यापूर्वी हे काम करावे. बूड वर करून ती टेबलावर उभी करावी, खोलीतील दिवा बंद करावा आणि बॅटरी जवळजवळ आडवी धरून उजेड बाजूने टाकावा. सावल्यांमुळे उथळ ठसेही उठून दिसतात. चारही बाजूंनी उजेड टाकून छायाचित्रे घ्यावीत, आणि मग बुडावर पातळ कागद धरून पेन्सिल हलक्या हाताने फिरवून ठसा उतरवून घ्यावा. कागदावरचा ठसा कित्येकदा छायाचित्रापेक्षा अधिक स्पष्ट येतो.

पहिल्या महायुद्धातील जर्मन बूड बोलके असते. त्यावर कारखान्याचे किंवा गावाचे नाव रोमन लिपीत पूर्ण लिहिलेले अनेकदा सापडते. 'पात्रोनेनफाब्रीक कार्ल्सरूह' हे त्यांपैकी एक प्रसिद्ध नाव. हा कारखाना १८९६ मध्ये डीडब्ल्यूएम या मोठ्या शस्त्रकंपनीत सामील झाला. दुसरे नाव 'पोल्टे, माग्डेबुर्ग'. ऑयगेन पोल्टे यांनी १८८५ मध्ये माग्डेबुर्ग येथे हा कारखाना उभारला. नावाबरोबर महिना आणि वर्ष येते. महिन्याचे लेखन हीच मोठी खूण आहे: ऑक्टोबरचे संक्षिप्त रूप 'सी' ऐवजी 'के' अक्षराने, आणि डिसेंबरचे 'सी' ऐवजी 'झेड' अक्षराने लिहिलेले आढळले, तर लिहिणारा बहुधा जर्मन भाषक होता. यांशिवाय घाणीचा, म्हणजे उत्पादनाच्या गटाचा, क्रमांक असतो आणि काही लहान ठसे असतात. मुकुटाखाली जर्मन वळणाचे, काहीसे गुंतागुंतीचे एक अक्षर असा ठसा सरकारी तपासनिसाच्या मान्यतेचा असतो. मुकुटाखाली 'एम' असेल, तर वस्तू कैसरच्या नौदलाची समजावी.

एकाच बुडावर एकाहून अधिक तारखा किंवा एकावर एक मारलेले ठसे दिसले, तर गोंधळून जाऊ नये. पितळ मौल्यवान होते. डागलेल्या पुंगळ्या गोळा होत, पुन्हा मापात आणल्या जात आणि पुन्हा भरल्या जात. अशी पुंगळी मला नव्या कोऱ्या पुंगळीपेक्षा अधिक मोलाची वाटते, कारण ती आघाडीवर एकदा नव्हे तर अनेकदा जाऊन आलेली असते.

मेसोपोटेमियाशी संबंध असलेल्या घराण्यात पुंगळी सापडली आणि बुडावर अरबी लिपीतील अक्षरे किंवा चंद्रकोर असेल, तर उस्मानी सैन्याचा विचार करावा. त्या सैन्याकडे क्रुप कंपनीच्या ७.५ सेंटीमीटरच्या १९०३ नमुन्याच्या मैदानी तोफा होत्या. त्यांच्या सरकारी कालगणनेतील, म्हणजे रूमी सनातील, वर्षात ५८४ मिळवले की साधारण इसवी सन मिळतो. १३३२ म्हणजे मार्च १९१६ पासूनचे वर्ष.

दुसऱ्या महायुद्धात लिहिण्याची रीत पालटली. शत्रूच्या हेरांना कारखाना कळू नये म्हणून नावाच्या जागी संकेत आले. सुरुवातीला 'पी' अक्षर आणि आकडे असत. नुसते 'पी' म्हणजे माग्डेबुर्गचे पोल्टे, तर 'पी १३१' म्हणजे बर्लिन-बोर्सिगवाल्डे येथील डीडब्ल्यूएम. १९४० च्या सुमारास त्यांची जागा छोट्या रोमन लिपीतील दोन-तीन अक्षरांनी घेतली. 'एयूएक्स', 'एयूवाय' आणि 'एयूझेड' ही पोल्टेच्या अनुक्रमे माग्डेबुर्ग, ग्र्यूनेबेर्ग आणि आर्नश्टाट येथील कारखान्यांची संकेताक्षरे, तर 'एएसबी' हे बोर्सिगवाल्डेचे. गरुडाच्या लहानशा चित्राखाली किंवा 'डब्ल्यूएए' या अक्षरांपुढे येणारा आकडा लष्करी तपासणीचा असतो.

या काळातील खरी किल्ली मात्र बुडावरचा चार आकडी क्रमांक आहे. जर्मनांनी पुंगळीच्या प्रत्येक नमुन्याला ६३ ने सुरू होणारा क्रमांक दिला होता. ६३३१ म्हणजे पाक ३६, ६३६० म्हणजे पाक ३८, ६३३९ पँझर ४ ची लांब तोफ, ६३४० पाक ४०, ६३८७ पँथर, ६३४७ म्हणजे ८.८ चा फ्लाक, ६३८८ पाक ४३, आणि ६३४२ म्हणजे १०.५ सेंटीमीटरची हलकी हॉवित्झर १८. क्रमांकापुढे रोमन लिपीत 'एसटी' असेल, तर ते 'श्टाल', म्हणजे पोलाद, या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. मोजलेली मापे आणि हा क्रमांक जुळले, की ओळख जवळपास पूर्ण होते.

एक बारकावा येथेच सांगतो. टायगर १ या रणगाड्याची ८.८ ची तोफ आणि ८.८ चा फ्लाक यांची पुंगळी मापाने एकच आहे, फरक प्रायमरचा. फ्लाकचा प्रायमर आघाताने पेटणारा, 'सी/१२' या नावाचा, तर रणगाड्याचा विजेने पेटणारा, 'सी/२२' या नावाचा. प्रायमरच्या तोंडावर हे नाव कोरलेले असते. 'टायगरची पुंगळी' म्हणून जास्त किंमत मागितली जात असेल, तर प्रायमर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि प्रायमर आट्यांनी बदलता येतो हेही विसरू नये.

धातू ओळखणे

लोहचुंबक लावून पाहावे. अस्सल पितळाला ते चिकटत नाही. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई वाढली, तशी जर्मनांनी पोलादी पुंगळ्यांवर भर दिला. त्यांतील काहींवर पितळाचा पातळ मुलामा, तर काहींवर लाखेसारखा थर असतो. मुलाम्याची पुंगळी दिसायला हुबेहूब पितळी असते, म्हणून केवळ रंगावर विश्वास ठेवू नये. पोलादी पुंगळीला भंगाराच्या बाजारात पितळेचा भाव मिळत नाही म्हणून ती हिणकस समजणारे लोक भेटतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. पोलाद गंजते, त्यामुळे मूळ मुलामा आणि बाजूवरची काळी अक्षरे शाबूत असलेली पोलादी पुंगळी चांगल्या पितळीपेक्षा दुर्मीळ असू शकते. ही छापील अक्षरे दारूचा प्रकार, वजन आणि भरण्याची तारीख सांगतात, आणि एका ओल्या फडक्यानेही ती पुसली जाऊ शकतात.

दुसरी परीक्षा भिंतीच्या जाडीची. खरी पुंगळी धातूची जाड चकती टप्प्याटप्प्याने ओढून, मधूनमधून तापवून मऊ करत तयार केलेली असते. त्यामुळे बूड जाड आणि भिंत तोंडाकडे पातळ होत गेलेली असते, आणि कोठेही सांधा नसतो. सगळीकडे सारखी जाडी, आतून वाळूसारखा खरखरीत पोत किंवा उभी जोडरेषा दिसली, तर ती शोभेसाठी ओतलेली किंवा पत्र्याची वस्तू समजावी.

जर्मन वाटणाऱ्या, पण जर्मन नसलेल्या

महाराष्ट्रात सर्वांत जास्त फसवणारी वस्तू म्हणजे ब्रिटिश २५ पौंडी तोफेची पितळी पुंगळी. या तोफेचा व्यास ८७.६ मिलिमीटर असल्यामुळे कोणी कॅलिपर लावला की '८८, म्हणजे जर्मन' असा निष्कर्ष निघतो. परंतु हिची लांबी २९२ मिलिमीटर, म्हणजे जर्मन फ्लाकच्या जवळपास निम्मी. बुडावर २५ चा आकडा, त्यापुढे 'पीआर' ही अक्षरे आणि तीन रेघांचा बाण दिसला की शंका उरत नाही; हा बाण ब्रिटिश सरकारी मालाची खूण आहे. पहिल्या महायुद्धातील १८ पौंडी तोफेची पुंगळीही, ८४ × २९५, याच पद्धतीने ओळखावी. फ्रेंच ७५ ची लांबी ३५० मिलिमीटर असून बुडावर '७५ द सी' अशा अर्थाची रोमन अक्षरे असतात. फ्रान्सच्या रणभूमीवरून आणलेली पुंगळी म्हणजे जर्मनच, असे गृहीत धरू नये. तेथे फ्रेंच पुंगळ्याही विपुल सापडतात.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. जर्मन तोफांचा वापर युद्धानंतर थांबला नाही. नॉर्वे, फिनलंड आणि युगोस्लाव्हिया यांनी ८.८ च्या तोफा पुढेही वापरल्या. तेव्हा माप जर्मन, पण वर्ष १९४५ नंतरचे असेल, तर तोफ जर्मन नमुन्याची आणि पुंगळी मात्र दुसऱ्या देशाची, अशी नोंद करावी. ती फसवणूक नव्हे. फक्त चिठ्ठीवर खरे लिहावे.

खरी फसवणूक बहुधा ठशांत केली जाते. साध्या पुंगळीवर मोठा गरुड, स्वस्तिक किंवा एसएसची चिन्हे नंतर कोरून भाव वाढवला जातो. तोफखान्याच्या पुंगळ्यांवर अशी ठळक मिरवणारी चिन्हे नसत. तपासणीचे ठसे बारीक आणि कामापुरते असत. भिंगातून पाहिले की हातोड्याने मारलेल्या ठशाच्या कडेला धातू किंचित उचललेला दिसतो, तर कोरलेल्या किंवा लेझरने जाळलेल्या खुणेत धातू काढून टाकलेला दिसतो. ठशाच्या खोबणीतही बाकीच्या बुडासारखीच जुनी काळपट झाक असावी. बूड काळे आणि खोबण लखलखीत असेल, तर वस्तू परत ठेवावी.

नक्षीकाम केलेल्या पुंगळ्या

पहिल्या महायुद्धात सैनिकांनी, युद्धकैद्यांनी आणि आघाडीमागे काम करणाऱ्या चिनी मजूर दलाच्या लोकांनी पुंगळ्यांवर ठोक्यांचे नक्षीकाम करून फुलदाण्या बनवल्या. कंबर मुरडून आत घेतलेला आकार, पानाफुलांची नक्षी, 'व्हर्दं' किंवा 'ईपर' असे गावाचे नाव आणि वर्ष, हा नेहमीचा साचा. युद्धानंतर रणभूमी पाहायला येणाऱ्यांसाठीही अशा वस्तू मोठ्या संख्येने बनल्या, त्यामुळे नक्षीवरचे वर्ष हे नक्षी केल्याचे वर्ष असेलच असे नाही. येथेही बूड पालथे करून पाहावे. नक्षीत १९१५ लिहिले असेल आणि बुडावर १९१७ असेल, तर उत्तर आपोआप मिळते.

स्वच्छता आणि जतन

आपल्याकडे पितळ दिसले की चिंच, लिंबू किंवा घासणीची पावडर हातात घेण्याची सवय आहे. घरच्या भांड्यांसाठी ती योग्य आहे, परंतु पुंगळीसाठी ती घातक आहे. आम्लामुळे पृष्ठभागावरचे जस्त निघून जाते आणि पितळाला गुलाबी डाग पडतात. घासल्याने ठशांच्या कडा बोथट होतात, शंभर वर्षांची झाक जाते आणि ती परत आणता येत नाही. कोमट पाणी, साबणाचे दोन-चार थेंब आणि मऊ कापड पुरेसे आहे. तेही बाजूवर छापील अक्षरे नाहीत याची खात्री करून. हिरवट कळंक चढला असेल, तर लाकडी काडीने हळूहळू काढावा. पूर्ण कोरडे झाल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा. पोलादी पुंगळीला मात्र पाणी लावूच नये. सुक्या ब्रशने धूळ काढून तेवढे मेण लावावे.

अमोनिया असलेले द्रव पॉलिश तर अजिबात वापरू नये, आणि यामागचा इतिहास आपल्याच भूमीवर घडला आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेने हिंदुस्थानात तबेल्यांजवळ साठवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत असल्याचे आढळले. ऋतूशी संबंध दिसला, म्हणून त्या दोषाला ऋतूचेच नाव पडले. त्यामागचे खरे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले. ओढकामामुळे पितळात ताण राहिलेला असतो, आणि घोड्यांच्या मूत्रातून हवेत येणारा अमोनिया ओलाव्याबरोबर त्या ताणलेल्या पितळाला चिरा पाडतो. तोफेची पुंगळीही याच पद्धतीने ओढून बनवलेली असते. म्हणून ती गोठ्याजवळ, खतांच्या पोत्यांशेजारी, किंवा कबुतरे बसतात अशा गच्चीवर ठेवू नये. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या महिन्यातून एकदा बदलाव्यात. तोंडापासून खाली जाणारी केसासारखी बारीक चीर आढळली, तर तिच्यावर डाख देऊ नये. पुंगळी आडवी, मऊ कापडावर ठेवावी आणि चीर वाढते का, हे वर्षातून एकदा छायाचित्र काढून पाहावे.

कायद्याची बाजू

१९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याच्या भागांचाही समावेश आहे. मात्र पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नसलेले किरकोळ सुटे भाग बाळगण्याला कलम ४५ मध्ये सूट दिलेली आहे. डागलेली, रिकामी, जिवंत प्रायमर नसलेली पुंगळी आणि तिच्या मालकीचा स्वच्छ इतिहास, हे दोन्ही जवळ असणे म्हणूनच शहाणपणाचे. जिवंत प्रायमर किंवा गोळा असेल, तर या सुटीवर विसंबू नये. संग्रह मोठा होणार असेल, तर एकदा वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची आणि किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या महायुद्धातील पुंगळ्यांनी ही वयोमर्यादा ओलांडली आहे. परदेशातील नातेवाइकाला अशी वस्तू पाठवण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे विचारणा करावी. परदेशातून आणायची असेल, तर सीमाशुल्क खात्याला आधी लिहून विचारावे. विमानाच्या सामानात, हातातल्या किंवा तपासणीला दिलेल्याही, ती न सांगता ठेवू नये. लंडन, पॅरिस आणि ब्रसेल्सच्या दरम्यान धावणाऱ्या युरोस्टार गाडीतही रणभूमीवरच्या रिकाम्या पुंगळ्या नेण्यास मनाई आहे, हे तिकडे राहणाऱ्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

खरेदी आणि नोंद

खरेदी करताना आधी पितळेचे वजन आणि त्या दिवसाचा मोडीचा भाव यांवरून तळाची किंमत काढावी. तिच्यावर जे द्यायचे ते स्पष्ट ठसे, मूळ प्रायमर, कमी सापडणारा नमुना आणि लिखित इतिहास यांसाठी द्यावे. लखलखाटासाठी देऊ नये. भोके पाडून दिव्याची वायर घातलेली किंवा तोंड कापून आखूड केलेली पुंगळी अभ्यासाला चालते, संग्रहाचा कणा म्हणून चालत नाही. सुरुवातीला एकच दिशा धरावी, उदाहरणार्थ ७.७ च्या पुंगळ्या वर्षानुवर्षे, किंवा एकाच कारखान्याच्या. १९१४ पासून १९१८ पर्यंतची बुडे ओळीने मांडली, की युद्धकाळातील ठशांतले आणि धातूतले बदल डोळ्यांना दिसू लागतात.

प्रत्येक पुंगळीसाठी वहीत एक पान ठेवावे. त्यावर तिन्ही मापे, वजन, धातू, प्रायमरची स्थिती, बुडावरचे प्रत्येक अक्षर जसेच्या तसे, कागदावर उतरवलेला ठसा, ती कोणाकडून आणि केव्हा मिळाली, एवढे असावे. घराण्यातून आलेली असेल, तर ज्या पूर्वजाने आणली त्यांची पलटण, नोकरीची वर्षे आणि घरातील वडीलधारी मंडळी जे सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहावे. आजोबांची पलटण माहीत असेल, तर ती त्या वर्षी कोणत्या आघाडीवर होती हे पलटणीच्या छापील इतिहासातून काढता येते, आणि बुडावरची तारीख त्याच्याशी ताडून पाहता येते. १९१६ च्या जानेवारीत मेसोपोटेमियातील कूतच्या वेढ्यात अडकलेल्या शिपायाने १९१७ चा ठसा असलेली पुंगळी तेथून आणली असणार नाही. ती नंतर, दुसरीकडून आली असेल, आणि मग ती कोठून आली हा पुढचा प्रश्न पानावर लिहून ठेवावा. नोंदीची एक प्रत आम्लविरहित कागदावर लिहून, गुंडाळून पुंगळीच्या आतच ठेवावी, म्हणजे घर बदलले किंवा पिढी बदलली तरी कागद आणि वस्तू यांची ताटातूट होणार नाही.